स्वयंपाकघरापर्यंतची वायर

९ जानेवारी १९७६, भोकरदन

ह्यांनी औरंगाबादहून स्टिरिओ आणला. मधे रेकॉर्ड लावायचं यंत्र, दोन बाजूंना आवाजाची दोन खोकी. सगळं बैठकीत! मी म्हटलं, मीही बसते ऐकायला. मामंजी लगेच — "बैठकीत बायांचं काय काम? आतून ऐका." शाळेत मी चार गुरुजींच्या मांडीला मांडी लावून बसते. घरी मात्र सासऱ्यांसमोर खुर्चीला शिवायचं नाही!

१० जानेवारी

ह्यांनी तोडगा काढला. एक खोकं स्वयंपाकघरात ठेवू, लांब वायर टाकू. बैठक, माजघर, मग आम्ही. ठीक. ऐकायला तरी मिळेल.

१२ जानेवारी

ह्यांनी वायर आणली — दारावरच्या घंटीची! दोऱ्यासारखी पातळ. "भिंतीवर दिसत न्हाई, बराबर बसती." ऐकूही येत नाही त्याचं काय? खोक्याला कान लावला तर कळतं कुणीतरी गातंय. स्टोव्ह पेटवला की तेही नाही. म्हणे, "सवय होईल." कसली? बहिरेपणाची?

१५ जानेवारी

शाळा सुटल्यावर मी स्वतःच गेले रेडिओ दुरुस्त करणाऱ्या भुजंगकडे. "बाई, एवढं लांब न्यायचं तं जाड तांब्याची घ्या. पातळ वायर आवाज खाती." पांढरी होती, काळी होती. भिंत पांढरी, म्हणून पांढरीच पुढे केली त्यानं. मी काळी घेतली. दिसू दे सगळ्यांना!

१८ जानेवारी

जाड वायर बसली. नवी रेकॉर्ड लावली, स्त्री-पुरुष दोघांचं गाणं. आमच्या खोक्यातून बाईचा आवाज आला — इतका स्वच्छ! सासूबाईंनी परात बाजूला सारली. बाईनं गाण्यात काहीतरी विचारलं. आम्ही उत्तराची वाट बघतोय. नुसता तबला! उत्तर देणारा तिकडे बैठकीत गातोय!

ह्यांना विचारलं. "अगं, स्टिरिओत असंच ऱ्हातं. अर्धं ह्या खोक्यात, अर्धं त्या. दोन्ही एकाच खोलीत ठेवावे लागतेत." म्हणजे ह्यांना माहीत होतं! मग वायर कशाला ओढत बसलात? गाण्यातल्या बाईलासुद्धा चुलीपाशी बसवलं या लोकांनी!

सासूबाई दोनदा विचारून गेल्या, "काय म्हणला गं तो?" मी काय सांगू?

१९ जानेवारी

म्हटलं, दोन्ही खोकी आत आणा. "मंग पाहुण्यांना काय दाखवू?" पानं वाढली ती आदळतच.

२२ जानेवारी

कुणी घरात नसताना वायरींची अदलाबदल केली. आता बाई बैठकीत, पुरुष आमच्याकडे. संध्याकाळी मामंजी ओरडले, "गडी कुठं गेला? ही एकटीच गाऊन राह्यली!" मी आतून मोठ्यानं म्हटलं, "इथं आहे, भाकरी थापतोय!" ह्यांनी दारातून डोळे वटारले. वटारा! पण जीव काही थंड झाला नाही. गाणं अजून अर्धंच ऐकतोय आम्ही.

२५ जानेवारी

रेकॉर्ड लागली. सासूबाईंनी हात धुतले, पदर सारखा केला, आणि सरळ बैठकीत जाऊन मामंजींच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. मामंजींनी पाय आखडून घेतले. मी माजघराच्या दारात उभी. सासूबाई मागे न बघता म्हणाल्या, "सूनबाई, ते खोकं घेऊन इकडं ये. एवढी लांब वायर न्हाई लागत आता."