डोकं दाराकडे

ती. मावशीस,

भाची छ्यूशिंगचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, काकांचा रक्तदाब आणि मासळीच्या गोळ्यांचा कारखाना, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करते. मी ठणठणीत आहे. (खोकला आहे, पण आईला कळवू नकोस. ती नाशपातीचा काढा घेऊन पहिल्या बसने येईल.)

तू दर वेळी विचारतेस, मी नेमकं करते काय. तर ज्यांना कुणी कामावर ठेवत नाही त्यांना काम मिळवून देते, पहिले तीन महिने शेजारी उभी राहून शिकवते आणि मग हळूच नाहीशी होते. (आई म्हणते, एवढी शिकलेली मुलगी परक्याच्या कारखान्यात स्क्रू भरते. तेही खरंच आहे.) सध्या क्वो-तुंग माझ्या वाट्याला आलाय. वय एकतीस, बोलणं मोजकं, आणि एकदा सांगितलेली गोष्ट मरेपर्यंत पाळणार. याआधी त्याच्या तीन नोकऱ्या गेल्या. तिसरी गेल्यावर महिनाभर तो रोज सकाळी डबा घेऊन बंद फाटकासमोर उभा राहायचा, असं त्याच्या आईने सांगितलं. त्यामुळे त्साय मालकांनी स्क्रूच्या कारखान्यात त्याला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं तेव्हा माझीच पाचावर धारण बसली. ठेवायचं की नाही, ते मालक वर्षअखेरच्या जेवणात सांगणार होते.

काम म्हणजे पेटीत स्क्रू ओळीने लावायचे. डाव्या-उजव्यात त्याचा घोटाळा होतो, म्हणून मी अक्कल लढवली आणि शिकवलं, डोकं दाराकडे! झालं. आठवड्याभरात स्क्रूच काय, झाडू, चपला, अंगणातल्या चौदा स्कूटर, सगळ्यांची तोंडं दाराकडे. दुपारच्या डुलकीच्या वेळी त्याने मालकांच्या वडिलांची खाटसुद्धा फिरवली, म्हाताऱ्यासकट. आजोबा उठले ते आपण भलत्याच घरात आलो म्हणून ओरडत. मी कंबरेत वाकून माफी मागत सुटले. हिशेबनीस लिनबाई म्हणाल्या, "राहू दे गं! पंधरा वर्षांत म्हातारा पहिल्यांदाच वेळेवर उठलाय."

परवा ते जेवण झालं. फिरत्या टेबलावर अख्खी कोंबडी आली, डोक्यासकट. हल्लीचे मालक डोकं स्वयंपाकघरातच उडवतात, पण त्साय मालक जुन्या वळणाचे. (काकांनी चुकून चोच आपल्या मामाकडे केली होती, आठवतं? मामा दुसऱ्या दिवसापासून कामावर आलाच नाही. चोच ज्याच्याकडे त्याला नारळ, तो बिचारा आणखी काय समजणार?) मालकांनी रिवाजाप्रमाणे चोच स्वतःकडे केली, म्हणजे कुणाचीच नोकरी जात नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात क्वो-तुंग उठला आणि त्याने टेबल फिरवलं. चोच लिनबाईंवरून गेली, त्यांच्या हातातली जेवायची काडी गळाली. पॅकिंगवाल्यांचे चेहरे एकेक करून उतरले. चोच थांबली ती दाराकडे, आणि दाराशी बसले होते मी. (बाहेरच्या माणसाची जागा तीच.) मालकांनी टेबल परत फिरवलं, त्यानेही परत फिरवलं. असं तीनदा. मालकांचे कान लाल झाले. चौथी नोकरीही गेली, आणि तीही माझ्या अकलेने, या विचाराने मी काड्या खाली ठेवल्या.

"अरे बाबा, तिला कसली काढतोस? तिला आपण ठेवलेलंच नाही!" मालक ओरडले.

"तीन महिने झाले," क्वो-तुंग म्हणाला. "आता ताई येणार नाही. मला काम येतं."

पहिल्या दिवशी मीच त्याच्या कॅलेंडरवर ही तारीख लिहून दिली होती. मी विसरले, तो विसरला नाही. मालकांनी त्याच्याकडे बघितलं, मग कोंबडीकडे, मग माझ्याकडे. "ऐकलंत ना, बाई? उद्यापासून येऊ नका. हा राहील." मावशी, मी ढसाढसा रडले. आनंदाने, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे निम्मा अपमानच होता.

तुझी,
छ्यूशिंग

ता. क. गोळे वळायला तुला माणूस मिळत नाही म्हणे. माझ्याकडे पेइ-चेन आहे. तिला ऐकू येत नाही, पण हात तुझ्यापेक्षा चपळ. (चिडू नकोस.) तीन महिने ठेवून बघ. मी शेजारी उभी राहीन, जेवण तुझ्याकडे.

ता. क. २. विचार करून कळव. तसं नववर्षाच्या सहाव्या दिवशी आम्ही येतोय, हे पेइ-चेनला सांगून झालंय.

ता. क. ३. आज सकाळी सवयीने डबा घेऊन त्साय मालकांच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. क्वो-तुंग बाहेर आला, त्याने माझी स्कूटर वळवून तिचं तोंड रस्त्याकडे केलं, आणि कामाला निघून गेला.