आवळणाऱ्या घराण्याची सायकल

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचे दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात ग्रीसने माखलेत, त्यामुळे कागदावर डाग दिसतील. ते कौतुकाने जपून ठेव.) तू, भावोजी आणि आमची भाची मजेत असालच. इथे सगळे खुशाल. माझ्या नडगीवर आणि कोपरावर जे काही झालंय तेही खुशालीतच धर. बाबांचा गुडघा उत्तम आहे. त्याचं श्रेय कोणाला जातं ते मी माझ्या तोंडाने सांगणार नाही, फक्त लिहीन.

भाची कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला येतेय, तर तुझी जुनी सायकल तिच्यासाठी चालती करून ठेवावी, असं तू कळवलं होतंस. शिवाय बजावलं होतंस की ती दुकानातच टाक, तू हात लावू नकोस आणि बाबांच्या तर नजरेसही पडू देऊ नकोस. तुझ्या शब्दाला मान देऊन मी आधी नाक्यावरच्या सायकलवाल्याकडेच गेलो. पायडल फिरवलं की आतून दळण चालल्यासारखा आवाज यायचा, म्हणजे मधल्या आसाचे छर्रे गेलेले. ते बदलायचे तर दोन्ही क्रँक काढावे लागतात. (क्रँक म्हणजे पायडल ज्याला बसतं तो दांडा. इतकी वर्षं चालवलीस, पण खाली वाकून कधी पाहिलं नसशील.) तुझे क्रँक आसाला असे चिकटले होते की सायकलवाल्याने दोनदा जोर लावला, कंबर धरली आणि म्हणाला, करवतीने कापून नवे टाकू. मला पुढच्या दांडीवर बसवून तू शाळेत न्यायचीस ते याच क्रँकच्या जोरावर, आणि हा त्यांना कापायला निघालेला. मी सायकल उचलली, क्रँक ओढून काढायचा त्याचाच पुलर उसना घेतला आणि घरी आलो.

खरं सांगायचं तर मला ते स्वतःच काढायचे होते. बाबांनी जन्मभर कारखान्यात फिटर म्हणून नारळाएवढे नट आवळले आणि मी चष्म्याच्या दुकानात मोहरीएवढे स्क्रू आवळतो. माझ्या कामाला ते 'मुंग्यांचे दागिने' म्हणतात, तेही पाहुण्यांसमोर. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते खुर्चीतून उठेनासे झाले. डॉक्टर रोज चाला म्हणाले, तर हे त्यांच्याच टेबलाचा सैल स्क्रू त्यांना दाखवून आले. पाय थांबले, पण माझ्या हाताला नावं ठेवणं काही थांबलं नाही. एकदा तरी त्यांनी माझ्या हाताला चांगलं म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

पुलरचं काम सोपं असतं. तो क्रँकच्या आट्यांमध्ये बसवायचा आणि मधला स्क्रू फिरवत राहायचं. स्क्रू आसाला रेटतो आणि क्रँक मुकाट बाहेर येतो. अट एकच, क्रँकचा बोल्ट आधी काढलेला हवा. मी काल सकाळी मागच्या ओट्यावर बसून दोन्ही बोल्ट काढले, वाटीत ठेवले आणि शहाण्या माणसासारखा जेवायला गेलो.

आता आपला कुळाचार तुला ठाऊक आहे. सैल नट दिसला की तो आवळल्याशिवाय आपल्या घरातलं माणूस पुढे जात नाही. (आत्याने दवाखान्यात स्वतःच्याच खाटेचे नट आवळले होते, कण्हत कण्हत.) मी जेवत असताना बाबा खुर्चीतून उठले. ताई, कोणी न सांगता उठले, भिंत धरत ओट्यापर्यंत आले आणि वाटीतले बोल्ट पाहून त्यांचा जीव कळवळला. त्यांनी दोन्ही बोल्ट जागच्या जागी बसवले, मनापासून आवळले, धूळ जाऊ नये म्हणून वर ग्रीसचा गोळा थापला आणि परत खुर्चीत जाऊन पेपर वाचत बसले.

मी आलो तर वाटी रिकामी. मला वाटलं, बोल्ट हिने कुठेतरी ठेवून दिले असतील. आणि स्वतःच्या हाताने काढलेला बोल्ट पुन्हा वाकून कोण बघतं? पुलर लावला, स्क्रू फिरवला, तो जाऊन बोल्टवर अडला. अडलं की आणखी जोर लावायचा, हाही कुळाचारच. कर्रकन आवाज झाला आणि उजव्या क्रँकचे सगळे आटे पुलरबरोबर बाहेर आले. दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. मी डाव्या बाजूला गेलो आणि दुप्पट जोराने तेच केलं.

मग ग्रीस पुसलं आणि बोल्ट सापडले. बाबांना विचारलं, तर पेपर खाली न करता म्हणाले, "उघडे दिसले, म्हणून लावले. आभार नकोत."

आटेच गेले म्हटल्यावर पुलरचा उपयोग संपला. तेव्हा उपाय बाबांनीच सांगितला. बोल्ट काढायचे आणि सायकल तशीच चालवायची, म्हणजे पायांच्या धक्क्यांनी क्रँक आपणहून सुटतात. चालवायची कोणी, हा प्रश्न त्यांनी माझ्याकडे बघून सोडवला. मग पुढे मी सायकलवर आणि मागे बाबा हातात पाना घेऊन, अशी आमची वरात निघाली. (बोल्ट मी माझ्या खिशात ठेवले. पुन्हा त्यांच्या हाती लागू देणार नव्हतो.) लाँड्रीपर्यंत काहीच झालं नाही. वाचनालयाच्या चढावर मी उभं राहून पायडल मारलं आणि डावा क्रँक पायाखालून निघून गेला. जाताना नडगीला भेटून गेला. पायरीवर बसलेले म्हातारे हेडमास्तर उठून उभे राहिले, भीतीने की आदराने ते कळलं नाही. मी थांबलो नाही. एका पायाने जे काय मारता येतं ते मारत राहिलो, आणि शाळेच्या फाटकापाशी उजवाही सुटला, साखळीत लोंबकळला आणि मी कोपरावर उतरलो.

वळून पाहतो तर बाबा डावा क्रँक उंच धरून येत होते. हेडमास्तरांना दाखवत, भिंतीचा आधार न घेता. स्वयंपाकघरापर्यंत न जाणारा माणूस शाळेच्या फाटकापर्यंत आला होता आणि हसत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कोपर दुखतंय असं सांगितलं.

घरी येऊन छर्रे बदलले, ग्रीस भरलं, क्रँक बसवले आणि दोन्ही बोल्ट मी एकट्याने आवळले. बाबांनी पाना लावून पाहिला, बोल्ट हलला नाही. दुसऱ्या बाजूचाही हलला नाही. मग पाना माझ्या हातात देत म्हणाले, "हात माझ्यावर गेलाय." ताई, हे मी हिला तीनदा सांगितलं आणि हेडमास्तरांना मुद्दाम घरी जाऊन सांगितलं. सायकल तयार आहे. मामाने स्वतः केलीय म्हणून भाचीला सांग.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
मुंग्यांचा सोनार

ता. क. भाचीला आठवडाभर उशिरा पाठवता येईल का? हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. दोन्ही क्रँक एकाच दिशेला बसलेत. जोर मिळावा म्हणून मी दोन्ही वेळा क्रँक खाली तोंड करून धरला होता, त्यामुळे आता दोन्ही पायडलं एकदम वर जातात आणि एकदम खाली येतात. आटे नाहीत, म्हणजे पुलर नाही. बोल्ट काढून पुन्हा तीच स्वारी करावी लागेल, या खेपेला बेडकासारखी. बाबांना मात्र फोनवर यातलं काही बोलू नकोस. ते वाक्य त्यांनी परत घेतलं तर मला सोसणार नाही.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच बाबा चपला घालून दारात उभे. त्यांना हे कालच दिसलं होतं. मग कौतुक कशाला केलंत, असं विचारलं, तर म्हणाले, "मी घट्टपणाचं बोललो. दिशेचं बोललोच नव्हतो." ते पुढे निघालेसुद्धा, मला पत्र आवरायला हवं. आठवडा नको, दोन आठवडे दे. बाबा म्हणतात, माझ्या हातचे क्रँक शाळेच्या फाटकापाशी सुटायचे नाहीत, आज तळ्यापर्यंत चालावं लागेल.