तुम्ही बसल्याशिवाय

प्रिय आत्या,

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. या डोंगरातल्या वसतिशाळेत मुली माझ्या तासाला शेवटपर्यंत उभ्या राहतात, परदेशातून आलेल्या बाईला केवढा हा मान, असं मी फुशारकीनं कळवलं होतं. तो मान नव्हता. काल एक मुलगी चक्कर येऊन पडली, तेव्हा तिची मैत्रीण रडवेली होऊन म्हणाली, "बाई, एकदा बसा ना तुम्ही! तुम्ही बसल्याशिवाय आम्हाला बसता येत नाही."

मी कधी शाळेत गेलेच नाही, मला कसं कळणार? तू मला भाजी चिरता चिरता शिकवलंस, तेही उभ्यानं. "शिकवणारा बसला की विद्या झोपते," म्हणायचीस. मुली माझ्यावर रागावल्यात की मला घाबरतात, काही समजत नाही. मी त्यांना नकोशी झाले असेन का? माफी मागावी, तर कुठल्या तोंडानं?

आज सुट्टी आहे. खोलीत खुर्चीवर बसून मोठ्यानं गणित शिकवून पाहिलं. दोनदा आपोआप उठले.

हे पत्र पाठवणार नाही. तुला वाटेल, तुझंच शिकवणं चुकलं. तसं नाही गं. पण सोमवारी पहिल्या तासाला मी आधी बसणार आहे.

तुझी, सोमवारपर्यंत उभीच असलेली,
भाची