वास गेल्यापासून

१२ जुलै, शनिवार. धुळे

ताप जाऊन महिना होत आला. वास अजून नाही. सकाळी आईने लसणाची फोडणी दिली, मी शेजारीच उभी. तडतडलेलं ऐकू आलं, बस. कांदा चिरला की डोळ्यांत पाणी येतं, नाकापर्यंत काही पोचत नाही. खारट, गोड, आंबट कळतं, तिखट झोंबतं. बाकी सगळं ओला पुठ्ठा.

घरी सांगितलं नाही. हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या मुलीचं नाक गेलं म्हटल्यावर आई दोन दिवस रडेल आणि तिसऱ्या दिवशी स्थळं बघायला लागेल. रोज तपासायचं आणि इथे लिहायचं. वा.ना. म्हणजे वास नाही.

१५ जुलै, मंगळवार

रुखसारचा जळगावहून फोन. कॉलेजातली एकटी तीच, जिला माहीत आहे. क्रूझवाल्यांची ट्रायल १२ ऑगस्टला जळगावात, दोघींची नावं लागलीत. असिस्टंट कुक. दुसऱ्या वर्षापासून मला हेच हवं होतं. दर आठवड्याला नवं बंदर, तिथल्या बाजारात वास घेत फिरायचं... लिहिता लिहिता थांबले. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

डॉक्टर म्हणतात, येईल परत, कधी ते सांगता येत नाही. लवंग, लिंबू, निलगिरी रोज हुंगायला सांगितलंय. हुंगते. वा.ना.

२० जुलै, रविवार

पाचोऱ्याला जाऊन आले. महिन्यातून एक गाव, तिथे जे चांगलं मिळतं ते खायचं, हा माझा फार जुना नाद. या महिन्याचं पाचोरा ठरलेलं होतं म्हणून गेले. स्टेशनबाहेर गरम भजी खाल्ली. गाडीवाले नाना म्हणाले, कशी झालीत? मी म्हटलं, एक नंबर. ते खूश. येताना बसमध्ये झोपले. वा.ना.

२ ऑगस्ट, शनिवार. अक्काचं गाव

उद्या कानबाईचा सण. दोंडाईच्याजवळ मोठ्या काकूंकडे सगळे भाऊबंद जमलेत. काकूंना सगळे अक्काच म्हणतात. नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडून झाले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. धाकट्या भावाच्या, नितीनच्या नावाने मीच मूठ भरली, सातवीतलं पोरगं ते. माझ्या नावाची नसते. दरवर्षी यावर मी वाद घालते. या वर्षी तेही सुचलं नाही.

अक्काने पुरण माझ्याकडे दिलं. 'शिकेल पोर शे,' म्हणाली सगळ्यांसमोर. नैवेद्य दाखवायच्या आधी कोणी चाखायचं नसतं, म्हणजे मला बरंच. मनात म्हटलं, इथे तरी निभावून नेईन.

३ ऑगस्ट, रविवार

नाही निभावलं.

मोठं पातेलं, चुलीवर. मी ढवळत होते, रंग बघत होते. वरून छान पिवळं दिसत होतं. अक्का ओसरीवरून जवळजवळ धावतच आली, पातेलं उतरवलं, उलथनं खाली घातलं. तळ काळा. तोवर दारात दोघी-तिघी येऊन नाकाला पदर लावून उभ्या. मला काहीच आलेलं नव्हतं.

अक्काने माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाली, 'सोनी, तुले वास नही उना का?'

मी मान हलवली. नाही.

दारातल्या बायकांकडे वळून ती म्हणाली, 'मना डोया लागी ग्यात. मीच बठेल व्हतू आठे.' कानबाईचं पुरण अक्काने लावलं, म्हणून दिवसभर कुजबुज चालली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं म्हणे. पुन्हा डाळ शिजवली, नैवेद्याला उशीर झाला. तिने सगळं ऐकून घेतलं. मी पोळ्या लाटत बसले. रडू यायला हवं होतं, आलं नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

नदीवर कानबाई शिरवून, विसर्जन करून आलो. फुगड्या झाल्या. मीही खेळले, सगळे म्हणाले मस्त खेळलीस.

परतताना अक्का माझ्यासोबत मागे राहिली. कधीपासून, डॉक्टर काय म्हणाले, आईला माहीत आहे का, सगळं विचारलं. मी ट्रायलचंही सांगितलं.  घरापाशी आल्यावर म्हणाली, बोटीवाल्यांना हे सांग. मी म्हटलं, सांगेन. सांगणार नव्हतेच. वा.ना.

१२ ऑगस्ट, मंगळवार. जळगाव

ट्रायल झाली. 'छंद?' 'फिरणं आणि खाणं.' शेफ हसले. पुलाव आणि मखनी केली, सगळं मापाने, हाताला पाठ आहे. त्यांनी दोन घास जास्त खाल्ले.

मग शेंगदाणा तेलाच्या दोन वाट्या. एकीतलं खवट. चाखायचं नाही, हुंगून सांगायचं. दोन्हींवर वाकले. दोन्ही नुसतं तेल. रुखसारचं माझ्या आधी झालेलं होतं, ती पलीकडच्या ओट्याशी उभी. तिने डावा कान खाजवला. आमचं असं काही ठरलेलं नव्हतं.

'डावी,' मी म्हटलं.

'गुड.'

नंतर तिच्या घरी गेलो. तिच्या अब्बांची बेकरी आहे, खालून भट्टीची ऊब येत होती. तिच्या अम्मीने नानकटाई दिली. गोड होती, एवढं कळलं. कान खाजवल्याबद्दल दोघीही बोललो नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार. धुळे

मेल आला. माझी निवड. रुखसार वेटिंगला, पहिली.

आई रडली, पप्पांनी पेढे आणले, नितीनने अख्ख्या कॉलनीत सांगितलं. रुखसारला फोन केला तर तीच आधी म्हणाली, 'मुबारक, यार. अब पीछे मत देखना.' आवाज बरा होता तिचा.  स्वतःची चीड यायला हवी. उद्या येईल कदाचित.

मेडिकलच्या यादीत डोळे, कान, रक्त, छाती आहे. नाकाचं कोणी विचारलेलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

अक्का डोळे दाखवायला धुळ्याला आली, काल मुक्कामाला. दुपारी बाकीचे बाजारात. तिने मला स्वयंपाकघरात हाक मारली. सिंकचा नळ सोडलेला. ती गॅसच्या शेगडीला पाठ लावून उभी, हात मागे. वर ज्योत नव्हती.

'चालू शे का बंद?'

मी श्वास घेतला. परत घेतला. ऐकायचा प्रयत्न केला, तर नळाचंच पाणी. तिच्या चेहऱ्यावर काही दिसतं का बघितलं. काही नाही.

'बंद,' मी म्हटलं.

तिने मागे हात नेऊन बटण फिरवलं. मग खिडकी उघडली, मागचं दार उघडलं, आणि मला हाताला धरून अंगणात आणलं. पायरीवर बसलो.   तिने विचारलं, 'बोटमा कितला लोके ऱ्हातस?'

मी म्हटलं, हजार-दोन हजार असतील.

 तिने माझा हात सोडला नाही.

आता रात्र. ट्रायलवाल्यांना मेल लिहून ठेवलाय, तीन ओळींचा. पहिलीच ओळ, मला वास येत नाही. दोनदा वाचला. आत आई अक्काला म्हणतेय, बघा ना, पोरीला आनंद झालाय पण दाखवतच नाही. अक्का काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.