सॅल्यूट मारणारा कमांडर

२५ जून १९७२, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद असलेली बरी. पंधरा ऑगस्टला स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होतात. आळीतल्या शाळेत हौशी लोकांच्या वस्तूंचं प्रदर्शन आहे. मी टँक ठेवणार. रिमोट कंट्रोलचा! नगरच्या रस्त्यांवर खरे टँक रोज धुरळा उडवतात, पण बटण दाबल्यावर कमांडर झाकणातून वर येऊन सॅल्यूट मारतो, असा टँक लष्कराकडेही नसेल.
हे सगळं कानिफनाथसाठी. माझा धाकटा भाऊ, टँकचा ड्रायव्हर. डिसेंबरच्या लढाईत टँक सुरुंगावर गेला, डावा पाय मांडीपासून काढावा लागला. पुण्याहून लाकडी पाय बसवून आमच्याकडे आला आहे. गप्प गप्प असतो. टँक बघून उभारी येईल.

२ जुलै, रविवार
तुपाचा डबा कापून वरचा टरेट, म्हणजे तोफेचा घुमट, केला. पट्टे सायकलच्या चेनचे. रिमोट सध्या वायरवर चालतो. वायर तात्पुरती आहे.
कानिफ म्हणाला, दादा, पायाचा खटका झिजलाय, हुबं ऱ्हायलं की गुडघा दुमडतोय. पुण्याला दाखवून येतो, पन संगं कुनीतरी पायजे. म्हटलं, एवढ्यासाठी पुणं कशाला? घरात पक्कड आहे, कानस आहे, मी आहे. पुढच्या रविवारी करून टाकू.

९ जुलै, रविवार
खटका राहिला. कमांडरचं डोकं कोरण्यात दिवस गेला. नाक जरा मोठं झालंय, पण त्यानं करारी दिसतो. पुष्पावती त्याला बाहुला म्हणते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला माझ्या कामातलं काही कळत नाही.
कानिफला एका साखर कारखान्यानं बोलावलंय. गोडाऊनकीपरची जागा, १२ ऑगस्टला मुलाखत. लढाईतला माणूस म्हणून जागा धरून ठेवली आहे. मात्र साहेबासमोर चालून दाखवायचं. अजून महिना आहे.

११ जुलै
कानिफला टँक दाखवला. म्हणाला, परेड सोडली तर चालत्या टँकातून कुनी सॅल्यूट मारत न्हाई, धरून बसावं लागतं. समजावून सांगितलं. तो खाली आत बसायचा, वर काय चालतं हे त्याला कुठून दिसणार?
मग विचारलं, ड्रायव्हर कुठं हाय? म्हटलं, तो बाहेरून दिसत नाही, म्हणून केलेला नाही.
व्हय, म्हणाला, न्हाईच दिसत.
पटलं त्याला.

१६ जुलै, रविवार
हात वर जातो, पण लुळा. सॅल्यूट कसला, माशी हाकलल्यासारखं वाटतं. रबर लावून पाहिलं. घड्याळाची स्प्रिंग लावून पाहिली. छे.
दुपारी कानिफचा पाय दुरुस्तीला घेतला. गुडघा उघडला आणि थक्क झालो. आत बोटाएवढी स्प्रिंग, पण काय ताकद! केवळ प्रयोग म्हणून कमांडरच्या खांद्यात बसवली. खाडकन् हात कपाळाला!
सगळ्यांना बोलावून दाखवलं. कानिफ कमांडरच्या खांद्याकडेच बघत राहिला. भारावला असावा.

१७ जुलै
निश्चय: तसलीच स्प्रिंग या आठवड्यात भिंगारच्या बाजारातून आणून पायाला बसवायची. कमांडरची आता काढता येणार नाही, वर कथलाचा डाग देऊन झालाय.

३० जुलै, रविवार
तसली स्प्रिंग नगरमध्ये मिळत नाही. (एकदा गेलो होतो. दुकान बंद होतं.)
कानिफ कुबड्यांवर. काखेत सोललंय. म्हटलं, खांद्यांना व्यायाम होतो. पाऊस नाही, हवा तापलेली, त्यामुळे घरात सगळे चिडचिडे झालेत.

६ ऑगस्ट, रविवार
पुष्पावती म्हणाली, भावजींचा पाय द्या, न्हाईतर तुमचा बाहुला चुलीत घालते. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत देतो म्हणून शब्द दिला. इथं लिहून ठेवलं म्हणजे झालंच.

११ ऑगस्ट, शुक्रवार
हिरवा रंग दिला. वाळेपर्यंत हात लावता येत नाही. पाय उद्या सकाळी उठल्या उठल्या.

१२ ऑगस्ट
मी उठायच्या आत कानिफ आणि पुष्पावती पहिल्या एसटीनं गेले. मला उठवायला काय झालं होतं?
संध्याकाळी परतले. साहेब चांगला होता म्हणे, खुर्ची दिली, चहा दिला आणि जागा दुसऱ्याला दिली. मी कानिफची समजूत काढली, गोडाऊनमध्ये धूळ फार असते, तुला मानवली नसती. तो जेवला नाही. मलाही जेवण गेलं नाही. रंगाचा वास डोक्यात भिनला असेल.

१५ ऑगस्ट
तुफान गर्दी. पाहुणे म्हणून निवृत्त हेडमास्तर आप्पासाहेब. बटण दाबलं. टँक चार हात गेला, पट्टा निसटला आणि टँक जागच्या जागी गिरक्या घेऊ लागला. वायर पाहुण्यांच्या पायात. पोरं खिदळली.
कानिफ कुबड्या टाकून खाली बसला. पट्टा काढला, कड्या सैल केल्या, परत चढवला. उजवीकडनं लई ताणला हुता, म्हणाला. टँक निघाला, कमांडर वर आला, खाडकन् सॅल्यूट! टाळ्या!
आप्पासाहेबांनी विचारलं, हाताला एवढा जोर कशाचा? मी अभिमानानं सांगितलं, ती आमच्या कानिफच्या गुडघ्यातली स्प्रिंग आहे.
टाळ्या थांबल्या. लोक खाली बसलेल्या कानिफकडे बघायला लागले. आप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, दुसऱ्या टेबलाकडे गेले. तांत्रिक गोष्ट सगळ्यांना कळतेच असं नाही.
तरी घरी येताना कानिफच्या बरोबरीनं चालायला का कोण जाणे जमेना. मी पुढे निघून आलो.

१७ ऑगस्ट
पुष्पावती कानिफला घेऊन पुण्याला गेली. पाय पोत्यात गुंडाळून नेला. जाताना तिनं स्प्रिंग उचकटून घेतली. कमांडरचा हात लोंबतोय. जोडता येईल. जोडायला बसलो नाही.

१० सप्टेंबर, रविवार
कानिफ ट्रंक न्यायला आला. पुण्यात एका मित्राच्या गॅरेजमध्ये लागलाय, तिथंच राहणार. स्टँडवरून चालत आला म्हणे.
पायरीशी हात पुढे केला. ऱ्हाऊ द्या दादा, जमतंय, म्हणाला. पायरी चढला. ट्रंक टांग्यात ठेवली, वहिनीच्या पाया पडला, माझ्याही पडला. मग टांग्यात स्वतःच चढला. गुडघा एकदाही दुमडला नाही.
आत काय बसवलंय ते विचारायचं होतं. पायासाठीच. विचारलं नाही. टँकसाठी विचारतोय असं वाटलं असतं त्याला.