चौघांसाठी लिहिलेली वही

सर, तुमच्याबद्दल मला अजून फार आदर आहे असं इथं सगळे समजतात. मी ते खोडून काढत नाही. पण त्या दुपारी तुम्ही मला फार लहान माणूस दिसलात.

वर्ध्याच्या कापूस बाजारामागची आपली क्लासची खोली. मी व्हायोलिन जुळवतेय आणि दारात ते संगीतकार उभे आहेत, ज्यांची सिनेमातली गाणी आपल्याकडे प्रत्येक लग्नात वाजायची. मुंबई सोडून ते इथं जवळच सेलूला घरी परतले होते. हातात वही. "पिक्चरचं नाई हे, सर. दोन व्हायोलिन, व्हिओला अन् चेलो, चौघांसाठी लिवलं. एक डाव वाजवून पाहा." तुम्ही वही उघडलीसुद्धा नाही. ओलं फडकं धरावं तशी दोन बोटांनी परत दिलीत. "गाणे जमतात ना तुले? मंग तेच करत राह्य." वर्ध्यात नोटेशन वाचणारा मी एकटा, असं ज्याला त्याला ऐकवायचात, आणि वाचायची वेळ आली तेव्हा तुम्ही चहा मागवलात, तोही एकच कप. ते पुन्हा कधी आले नाहीत.

ते वारल्यावर बऱ्याच वर्षांनी, गेल्या उन्हाळ्यात, त्यांची मुलगी ती वही माझ्याकडे घेऊन आली. मी माझे दोन विद्यार्थी घेतले, चेलोवाला नागपूरहून बोलावला. दुसऱ्या भागात व्हिओला बराच वेळ एकटाच चालतो, बाकीचे तिघं नुसते थांबतात, मग एकेक जण हळूच त्याला येऊन मिळतो. गाण्यांत एवढीशी फट न ठेवणारा माणूस इथं किती निवांत बसला होता. तालमीत मी मध्येच गज खाली ठेवला, तो रागानं. जन्मभर तुम्ही आम्हाला शुद्धतेवर भाषणं दिलीत आणि स्वतः एक ओळ रचली नाहीत. मुलगी म्हणाली, त्या दिवसानंतर बाबांनी असं काही पुन्हा लिहिलंच नाही.

परवा कॉलेजच्या हॉलमध्ये आम्ही ते वाजवलं. लोक उठून गेल्यावर तिनं विचारलं, "तुमच्या सरांनी तवा काऊन नाई घेतलं होतं?"

खरं सांगायची याहून चांगली संधी मिळाली नसती. मी म्हणाले, "सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. वाचता येत नव्हतं त्यांना."

"बाबाले कोणी सांगतलंच नाई ते," ती म्हणाली आणि किती तरी वेळ माझा हात धरून बसली.

तुम्हीही आता या जगात नाही, हे पत्र कुठं पोचायचं नाही, म्हणून लिहून टाकते. ते खोटं मी तुमच्यासाठी बोलले नाही. त्या दुपारी त्यांच्या मागे जिना उतरून दोन शब्द मला बोलता आले असते. मी व्हायोलिन जुळवत बसले.