नारळाचा मान

आप्पा,

यंदाच्या खंडेनवमीला मी एका पोरीचा मान हिरावून घेतला, आणि तोही तिचं भलं करते आहे अशा थाटात. तुमच्याशिवाय हे कुणाला सांगू? तुमची लेक आता चाकणच्या एका कंपनीत शिफ्ट इनचार्ज आहे, हाताखाली तीस माणसं. तुम्ही गेलात तेव्हा मी साधी ट्रेनी होते, म्हणून हे आधी सांगून घेते. ऐकून तुमची छाती फुगली असती, आणि मग तुम्ही उगाच खोकून दुसरीकडे बघितलं असतं.

तर ऐका. आमच्या लाइनवर आसामकडची एक मुलगी आहे. मशीन असं ठेवते की तुम्हीसुद्धा नावं ठेवली नसती. आल्या आल्या पोरांनी तिला 'चिंकी', 'चायनीज' सुरू केलं. मी एकेकाला धरून असं झाडलं की महिन्याभरात ते शब्द बंद. मला त्याचा केवढा तोरा! खंडेनवमीला ज्याचं मशीन सगळ्यात चकाचक, त्यानं लाइनचा नारळ फोडायचा, हा आमच्याकडचा रिवाज. यंदा सगळ्यांनी एकमुखानं तिचंच मशीन निवडलं. आणि मी शहाणी पटकन बोलले, "अरे, ती चर्चला जाते, तिला कशाला अवघडवता? दुसरं कुणीतरी फोडा." नारळ दुसऱ्यानं फोडला. ती खोबरंही न घेता निघाली. गेटजवळ गाठलं तर म्हणाली, "ना बोलना होता तो मैं खुद बोलती, मॅडम. आपने कैसे बोल दिया? मेरी लाइन बदल दो."

कंपनीच्या बसमध्ये बसले आणि एकदम आपलं संत तुकाराम नगरचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आलं. मी सातवीत आहे. खंडेनवमीचीच संध्याकाळ. आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही ताटावर बसला आहात, नखांतलं ऑइल काही निघालेलं नाही. तुमच्या कारखान्यातही हाच रिवाज; तुमच्या लेथचं अख्ख्या खात्यात नाव, तरी त्या वर्षी नारळ शेजारच्या मशीनवाल्याला दिला. आई म्हणते, "बरंच झालं की! आपण बौद्ध माणसं, आपल्याला कुठं पूजा करायचीय?" तुमचा हात ताटातच थांबतो. "मी फोडणार नव्हतोच गं. पर इचारायला काय झालं हुतं? माझं 'न्हाई' मला म्हणू द्यायचं." मला हसू आलं, तर तुम्ही असे डाफरलात की मी ताट घेऊन आईमागे सरकले. तेव्हा वाटलं होतं, एका नारळापायी एवढा कसला राग!

दसऱ्याची सुट्टी संपली आणि शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी सगळ्या लाइनला उभं केलं. म्हटलं, "चूक माझी. मी हिला विचारलंच नाही. तिच्या तोंडाकडे बघून परस्पर ठरवून मोकळी झाले." एक जुना ऑपरेटर म्हणाला, "जाऊ द्या ना मॅडम, एका नारळाचं काय एवढं?" पहिल्यांदा 'चिंकी' म्हणणारा हाच. मग मी तुमची हकिकत सांगितली, लेथपासून ताटापर्यंत सगळी. दुसऱ्या दिवशी तोच माणूस पिशवीतून नारळ घेऊन आला आणि तिच्यापुढे धरला, "ताई, तुमचा मान." ती मनापासून हसली. "मैं नहीं फोड़ूँगी, भाऊ. मेरी तरफ से आप फोड़ो." काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! तिचं 'नाही' तिनं म्हटलं, आणि मान स्वतःच्या हातानं दुसऱ्याला दिला. लाइन बदलायचं तिनं पुन्हा काढलं नाही. अहो आप्पा, काय ऊर भरून आला माझा! लाइनचा अभिमान वाटला, आणि खरं सांगते, स्वतःचाही.

तुम्ही असता तर विचारलं असतं, "मंग, सुधारली का गं माणसं?" तोंड बघून, आडनाव ऐकून माणूस जोखायचं कधी थांबेल का? आपोआप तर मुळीच थांबणार नाही. पण चारचौघांत कुणी "चुकले" म्हटलं की इंचभर का होईना, सरकतं. तुमच्या खात्यात तेवढंही कुणी म्हटलं नाही. मी म्हटलं, आणि ते तुमच्यामुळे म्हटलं. त्या रात्रीचं तुमचं डाफरणं माझ्या कामाला आलं.

इथेच थांबणार होते. पण हे पत्र पोस्टात टाकायचंच नाही, तर तुमच्याशी लपवाछपवी कशाला? कंपनीत माझ्या बिल्ल्यावर नुसतं नाव आहे. आडनाव मीच गाळून घेतलं, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. त्या दिवशी तुमची हकिकत सांगून झाली तेव्हा त्या पोरीनं विचारलं, "वो कौन थे, मॅडम?" सगळी लाइन माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "थे एक. हमारे पहचान के."